विहीणबाईंच्या बारा काड्या

देवाघरी लाज वाटली जात होती तेव्हा आमच्या विहीणबाई रांगेतच उभ्या नसणार, आणि त्यांचा वाटाही मीच उचलून आणला असणार. त्या डोंबिवलीत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. माझ्या मुलाने लग्न जमवायला दोन जिने उतरण्यापलीकडे कष्ट घेतले नाहीत, त्याचं फळ मी पंधरा वर्षं भोगते आहे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून विहीणबाई निवृत्त झाल्या, शाल-श्रीफळ घेऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, “तीस वर्षं न कुजणाऱ्या गोष्टी तपासल्या. आता एक कुजणारी करून दाखवते, मगच मरते.” मला वाटलं, बाई घरी खत करणार. निघाले पॅड. पाळीच्या दिवसांतले पॅड, तेही केळीच्या खोडाचे. हे वाक्य आज मी सरळ लिहून टाकलं, पण ते लिहिता येईपर्यंत माझी साठी उलटून गेली.

केळीचा घड उतरवला की उरलेलं खोड कुणाच्या कामाचं नसतं, बांधावर पडून राहतं. कल्याणच्या पलीकडच्या एका बागेतून ही खोडं टेम्पोने आमच्या दारात यायला लागली. तेवढ्याने भागेना तेव्हा विहीणबाई इमारतीतल्या प्रत्येक सत्यनारायणाला हजर. एका हातात प्रसादाचा द्रोण आणि डोळे चौरंगाला बांधलेल्या केळीच्या खुंटांवर. “उत्तरपूजा कधी हो?” असं त्या अशा काही विचारत की भटजींनाच घाई होई. घरी नेऊन खोडाचे पापुद्रे सोडवायचे, बोथट सुरीने खरवडायचे, धागे धुऊन गॅलरीत वाळत टाकायचे. लांबून पाहिलं तर एखाद्या म्हातारीने केस मोकळे सोडून पाठ फिरवलीय असं वाटे. कुरियरवाला पार्सल पायरीवर ठेवून पळायचा. मग सोडा घालून उकळणं, कुटणं, पिंजणं, आणि कापसासारखं मऊ झालं की सुती कापडात शिवणं. केळीच्या चिकाचा डाग कशानेही जात नाही. विहीणबाईंच्या एकूण एक साड्यांवर तपकिरी डाग आहेत, आणि त्याच साड्या नेसून त्या लग्नाला जातात. एका दिवाळीला माझा भाऊ फराळाला आला असताना त्यांनी त्याच्यासमोर कोकमाचं आगळ मापाने पॅडवर ओतलं. “बघा, एक थेंब खाली नाही.” भावाने उचललेली चकली परत ताटलीत ठेवली.

आता माझी अक्कल ऐका. बाविसाव्या वर्षी नवी सून म्हणून आले, तेव्हा ही वस्तू घ्यायला मी ठाकुर्लीपर्यंत चालत जायचे, कारण गल्लीतला औषधवाला सासऱ्यांच्या ओळखीचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा पदराखाली, चेहरा चोरी करून आल्यासारखा. पहिल्याच खेपेला फाटकात सासरे उभे. “काय आणलंत, सूनबाई?” माझ्या तोंडून निघालं, “पापड.” आता पापड म्हटल्यावर घरात पापड दिसायला नकोत? उलट्या पावली जाऊन पापड आणले. पुढे तो नेमच पडला, दर महिन्याला ठाकुर्ली, दर महिन्याला पापड. सासरे इतके खूश की, “पापड आणलेत का? मग बसा जरा, आज पाणी मी भरतो,” म्हणून स्वतः हंडा उचलायचे. असा पापडवेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तर विहीणबाईंनी कुंपणालगतच्या मातीच्या पट्टीत बारा खड्डे केले. सहांत आपले पॅड, सहांत दुकानातले. प्रत्येकावर आइस्क्रीमची काडी, आणि काडीवर ठसठशीत अक्षरांत काय पुरलंय ते. मी गॅलरीतून नाक मुरडत सगळं पाहिलं. सहा महिन्यांनी आमच्या दोघींच्या नातवाची मुंज आली, मांडव त्याच अंगणात. माझ्या माहेरची माणसं ‘केळीचा पॅड’ वाचत वाचत जिलबी खाणार, या धास्तीने मी पहाटे उठले, बाराही काड्या उपटल्या आणि कपाटात शालूच्या घडीत लपवल्या. बावीस वर्षांची असते तर एक वेळ समजण्यासारखं होतं, चांगली एकसष्टीची होते. “पोरांनी उपटल्या वाटतं,” विहीणबाई हळहळल्या. मी म्हटलं, “पोरं हल्ली फार वाह्यात.”

पंधरा दिवसांनी सोसायटीची नोटीस लागली. पट्टीत ‘आक्षेपार्ह वस्तू’ पुरल्याचं आढळल्याने तिथे पेव्हर ब्लॉक बसवण्यात येतील. विहीणबाईंनी लाल पेनाने ‘आक्षेपार्ह वस्तू’ खोडलं, वर ‘पाळीचे पॅड’ लिहिलं आणि खाली सही केली. पण त्या घाबरल्या होत्या. कोलशेतच्या बचत गटातल्या बायका पॅड शिवायला तयार होत्या, मात्र आधी कुजलेले दाखवा म्हणत होत्या, आणि दाखवायला ही एकच पट्टी.

रविवारी मीटिंग अंगणातच भरली. विहीणबाई पदर खोचून, खुरपं घेऊन सगळ्यांसमोर खणायला बसल्या. दुकानातले सहाच्या सहा निघाले, फुगलेले पण धडधाकट. त्यांचा स्वतःचा एकही नाही, नुसती काळी भुसभुशीत माती आणि गांडुळं. त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. तेवढ्यात चेअरमन म्हणाले, “पण मॅडम, तुमचे पुरलेच होते कशावरून? खूण कुठाय?” विहीणबाई खुरप्याने तीच माती पुन्हा उकरायला लागल्या, जणू खूण खालीच सापडणार होती.

मी दोन जिने चढले. शालू उलगडला, काड्या घेऊन खाली आले. “या मी उपटल्या. मला लाज वाटली म्हणून. पुरताना मी पाहिलंय, खड्डे मोजलेत.” मग एकेक काडी मोठ्याने वाचायला लागले. केळीचा पॅड. दुकानातला पॅड. पहिल्या काडीला आवाज फुटेना, तिसरीला फुटला, सातवीनंतर तर मजाच यायला लागली. चेअरमन स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले, “काकू, पुरे.”

“पुरे कसं? बारा आहेत.”

“अहो, वाचू द्या ना त्यांना,” मागून त्यांचीच बायको म्हणाली.

मी बाराही वाचल्या, बाराही जागच्या जागी खोचल्या आणि पट्टीवर खुर्ची टाकून बसले. ब्लॉक बसवायचे तर माझ्यावरून बसवा म्हटलं. ब्लॉक पट्टीपर्यंत आले आणि थांबले, ते अजून तिथेच थांबलेत. विहीणबाई मला एवढंच म्हणाल्या, “पोरं फार वाह्यात, नाही का?”

आता त्यांचे हात थरथरतात. शिवायचं काम कोलशेतच्या बायका करतात, खोडं मी खरवडते, आणि त्या खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात. माझ्याही साड्यांवर डाग पडलेत. परवा खरवडता खरवडता त्यांना हसवायला म्हणून मी ते ठाकुर्लीचे पापड सांगितले. त्या हसल्या नाहीत. एक धागा उजेडात धरून तपासला.

“अहो विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “पापडासाठी कोण हंडा उचलतं?”

माझी सुरी थांबली. सासऱ्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. आठवायला बसले तर आठवतं, पानात वाढलेला पापड ते बहुतेक तसाच ठेवायचे.