विसाव्या मजल्यावरचं पोळं

अहेरीकडच्या जंगलात मध काढणारे पायलीचे पन्नास भेटतीन, पण लच्छू एकच! साठ हात उंच झाडावर असा चढते का खारीनं पाहतच राहावं. म्हणून तर नागपूरच्या बँकेनं त्याले घ्याले गाडी पाठवली, गाडी! वीस मजली काचेच्या इमारतीच्या टोकाले आग्या मोहोळ लागलं होतं, खाटेएवढं.

बँकेचे साहेब म्हणाले, "दहापर्यंत पूर्ण काढा. नाहीतर हे फवारणीवाले तयारच आहेत."

लच्छूनं झटकन दोर उचलला. फवारा मारला का हजारो माशा खलास!

गच्चीवर थोरला भाऊ धनराज त्याच्या कमरेले दोर बांधून राह्यला होता. लच्छूनं खाली पाह्यलं. बाकीची घरं काडेपेटीवानी.

"भाऊ, सगळ्यात उंच इमारत बँकेचीच काऊन?"

"अबे, लोकायचा पैसा तिच्याजवळ. दुरून दिसली पाह्यजे, मजबूत वाटली पाह्यजे. झोपडीतल्या बँकेत तू ठेवला असता का?"

"म्हणजे माशीसारखंच! रस साऱ्या रानाचा, पोळं सगळ्यात उंच झाडावर."

"उतर आता, ग्यानी!"

लच्छू काचेवरून सरसर उतरला. ओल्या पाल्याचा धूर केला, माशा उठल्या, त्यानं मधाचा भाग कापला अन् वर आला. एक डंख नाई!

"अरे, तिथं तुकडा कसा राहिला?" साहेब कठड्यावरून वाकून ओरडले.

"तो पिल्लायचा हाय, साहेब. सोडाच लागते. नाईतर माशी परत येत नाई."

"अरे बाबा, परत यायलाच नको आहे!"

लच्छू चाट पडला. बापानं शिकवलं होतं, पिल्लं मारशीन तर झाडावर पाय ठेवजो नोको. अन् घड्याळात पावणेदहा!

"भाऊ, टोपली दे!"

पुन्हा उतरला. पिल्लायचा तुकडा अलगद सोडवून बांबूच्या टोपलीत ठेवला. टोपली दोरानं खाली गेली, अन् तोही वर येऊन लिफ्टनं खाली गेला, धावत जाऊन इमारतीमागच्या पिंपळावर चढला. उंच फांदीले तुकडा बांधला.

माशा अजून काचेपाशीच. दहाले पाच कमी. फवारणीवाल्यायनं तोंडाले फडकी बांधली.

मग एक माशी पिंपळावर आली. मग दहा. मग काळा ढगच्या ढग खाली वाहत आला अन् फांदीले लटकला!

फवारणीवाल्यायनंच पयल्यांदा टाळ्या वाजवल्या. साहेब लच्छूचा हात सोडत नव्हते.

धनराज गर्दीत घुसला. "माझा लहान भाऊ होय, साहेब! अन् दोर कोणं धरला होता, तेही इचारा ना!"