बाकावर बसणाऱ्या डॉक्टरीणबाई

नव्या जागी गेल्यावर डॉक्टरीणबाई स्वतःच्या खुर्चीवर आधी कधी बसत नसत. रुग्णांच्या बाकावर बसून त्या बराच वेळ समोर पाहत राहत आणि शेजारच्याला विचारत, "इथून काय दिसतं?" जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे गाव. तेथील आरोग्य उपकेंद्र आणि माझी शाळा यांच्यामध्ये केवळ एक कुंपण. एकदा त्या माझ्या चौथीच्या वर्गात मागच्या बसकरपट्टीवर मुलांमध्ये येऊन बसल्या आणि तास संपल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, इथून फळ्यापेक्षा तुमची पाठच जास्त दिसते." मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याच्या कडेला उभा राहून लिहू लागलो.

बाई सिकलसेल या आजाराच्या अभ्यासासाठी मुंबईहून आल्या होत्या. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सांधे असह्य दुखतात. तो आईवडिलांकडून मुलांकडे येत असल्यामुळे पाड्यांवरील अख्ख्या कुटुंबांचे रक्त तपासणे आवश्यक होते. पुरेशी कुटुंबे आली नाहीत, तर हे काम दुसऱ्या तालुक्यात जाणार होते आणि आमच्याकडची दुखणी निदानावाचून तशीच राहणार होती.

तपासणीची पहिली खोली बाईंनी मोठ्या हौसेने सजवली. भिंतींना फिकट निळा रंग, प्रत्येकाला वेगळी खुर्ची, रक्त घेण्याच्या टेबलाभोवती जाड पडदा. लोक कुंपणापर्यंत येत आणि परत जात. बाईंना राग येत नसे; कुतूहल वाटे. एके दिवशी त्या बाहेर आंब्याखाली बसलेल्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. तेथे जानीआजी होती. शेजारच्या पाड्यावर तिचा शब्द चाले.

"बाय, आमचा भगत दुखनं कशाचं ते तांदळात बघतो, तो सगळ्यांदेखत," आजी म्हणाली. "घरातली सारी बसतात. कोन काय बोलला, सगळ्यांना ठावं. तू फडक्यामागं नेऊन रगत काढतेस. मंग लोकं बोलायचीच."

"काय बोलतात?"

"ममईला नेऊन इकतेस."

बाई हसल्या नाहीत. "भगताकडं कोण कुठं बसतं, ते मला दाखव," म्हणाल्या. आजीने काठीने मातीत रेघा ओढल्या आणि बाई त्या रेघांभोवती उकिडव्या बसून प्रश्न विचारत राहिल्या.

टेबल व्हरांड्यात आले. खुर्च्या गेल्या आणि घरची सारी माणसे एकत्र बसतील असे लांब बाक त्याच्याभोवती आले. रक्ताची नळी शीतपेटीत ठेवेपर्यंत सर्वांना दिसे. पडदा मात्र बाईंनी टाकून दिला नाही. त्याची दोरी त्यांनी रुग्णाच्या हाताशी आणली. "आडोसा ज्याचा त्यानं ओढावा," असे त्या म्हणत.

हळूहळू लोक येऊ लागले. जानीआजीनेही एका सकाळी रक्त दिले. दुपारी ती परत आली आणि भरल्या व्हरांड्यात म्हणाली, "बाय, माझा रगत मला परत दे."

"आजी, असं परत मागता येत नाही," केंद्रातल्या नर्सताई म्हणाल्या.

"येतं," बाई म्हणाल्या. "मागाल तर परत मिळेल, असं सकाळी मीच सांगितलं होतं."

त्यांनी पेटीतून नळी काढून तिच्यावरचे आजीचे नाव सर्वांना दाखवले. रक्त घरी नेण्यास नियमाने मनाई होती. म्हणून आजीच्या हातांत मोजे चढवून त्या तिला केंद्रामागच्या, दवाखान्याचा कचरा पुरण्याच्या खड्ड्याकडे घेऊन गेल्या. व्हरांड्यातली सगळी माणसे मागोमाग गेली. आजीने स्वतःच्या हाताने नळी आत सोडली आणि माती लोटली.

"रागावलीस?" तिने विचारले.

"नाही. पण असं का वाटलं, ते सांगशील?"

"झोप नाय लागली असती. बस."

आता सगळेच रक्त परत मागतील आणि काम हातचे जाईल, अशी धास्ती नर्सताईंना वाटली. मलाही वाटली. परंतु कोणीच मागितले नाही. उलट पुढच्या बाजाराच्या दिवशी दाभोशाकडची कुटुंबे जीप भरून आली. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बापाला मी कारण विचारले. तो म्हणाला, "गुर्जी, मागितला तर देते. मंग मागायचा कशाला?"

काम आमच्याकडेच राहिले. ज्या मुलांमध्ये आजार आढळला, त्यांच्या घरच्यांना त्याच बाकांवर बसवून बाईंनी औषधे समजावली. पुढे नव्या डॉक्टरांकडे काम सोपवून त्यांना मुंबईला परतावे लागले. निघण्याच्या दिवशी त्या जानीआजीचा निरोप घ्यायला गेल्या. मी सोबत होतो. जीप वाटेवर उभी होती.

"आता तरी रगतासाठी परत इचारशील, वाटला होता," आजी म्हणाली.

"विचारू?"

"नाय देनार."

दोघी हसल्या. मग आजी आत गेली आणि नातीच्या तान्ह्या मुलीला घेऊन आली. मागून नातही येऊन दारात उभी राहिली. "हिचा बघ," आजी म्हणाली. "पन मला नको इचारू. हिच्या आयेला इचार."

जीपवाला हॉर्न वाजवत होता. बाईंनी चपला काढल्या, त्या मुलीच्या आईसमोर सारवलेल्या जमिनीवर बसल्या आणि सिकलसेल म्हणजे काय, ते पहिल्यापासून सांगू लागल्या.