सासऱ्यांचं सिलेक्शन

माझ्या सासऱ्यांइतका चोखंदळ माणूस निपाणीपासून बेळगावपर्यंत दुसरा नसेल, आणि असलाच तर दुकानदारांनी वर्गणी काढून त्याला केव्हाच गोव्याकडे धाडून दिलं असेल. उभी हयात त्यांनी बेळगावच्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसून काढली. बायका यायच्या, साड्यांचा ढीग उपसायला लावायच्या, पदर उजेडात धरून बघायच्या, आणि "जरा फिरून येतो हं" असं म्हणून जायच्या त्या कायमच्या. सासरे हसतमुखाने घड्या घालत राहायचे. हा सगळा हिशेब त्यांनी पोटात ठेवला होता हे आम्हाला ते निवृत्त झाल्यावर कळलं. आणि तो चुकता करायला त्यांनी निवडलं कोणाला, तर खडेबाजारातल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानदाराला.

त्याचं असं झालं, की बंगळूरला असलेल्या माझ्या मेव्हण्याने नवा गेमिंग कन्सोल घेतला आणि जुना, हातात धरून खेळायचा, वडिलांच्या हवाली केला. सासऱ्यांनी त्याचं नाव 'डबी' ठेवलं. डबीत आधीपासून एक मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता, तो त्यांनी एका दुपारीच निकालात काढला. "गाडीच पळवायची तर टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटवर जाऊन उभारतो की. तितं काय कमी पळवत्यात?" मग मेव्हण्याने फोनवर त्यांना रोल प्लेइंग गेमबद्दल सांगितलं. या खेळात आपण एखादा वीर व्हायचं, चार सोबती जमवायचे, गावोगाव हिंडून लोकांशी बोलायचं, वाटेत राक्षस भेटले तर मारायचे आणि शेवटी जग वाचवायचं. सासऱ्यांना ही कल्पना फार पसंत पडली. त्यांच्या मते त्यात जग वाचवणं हा भाग दुय्यम होता. गावोगाव हिंडून लोकांशी बोलणं, हे खरं.

पण खेळण्याआधी खेळ निवडायला हवा, आणि तिथेच दुकानदाराचे ग्रह फिरले. सासरे दुकानात शिरायचे, स्टूल ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "दाखवा." एकेक डबा काउंटरवर यायचा. सासरे त्याच्या चित्रावरून बोट फिरवायचे, जणू काठाची जर खरी की खोटी ते बघताहेत. मग डबा घेऊन बाहेर फुटपाथवर जायचे, उन्हात धरायचे, आत येऊन मान हलवायचे. "जरा यात दुसरं बघू." एका खेळातल्या वीराचे केस निळे आणि डोळ्यांवर आलेले, म्हणून तो नापास. एकात राजकन्येला राक्षस पळवून नेतो आणि राजा सिंहासनावरून हलतही नाही, म्हणून तो नापास. "स्वतःची पोरगी हाय आणि दुसऱ्याला धाडतोय. ह्या घरात संबंध नगं." एकदा त्यांनी भाषांची यादी उघडून घेतली आणि दुकानातली इतर गिऱ्हाइकं गोळा होईपर्यंत भांडले. "जपानी हाय, जर्मन हाय, फ्रेंच हाय. मराठी न्हाय! बरं, कन्नड तरी? त्येबी न्हाय! आमी इतं दोघं एकमेकांत भांडत बसलाव, आणि ह्येंनी दोघांस्नीबी वगळलं!" त्या दिवशी तिथे सीमाप्रश्नावर जेवढी एकी झाली तेवढी मी याआधी कुठे पाहिलेली नाही.

शेवटी एकदाचा घेतलेला खेळ ते खेळायचेही आपल्याच पद्धतीने. असल्या खेळांत वीराने परक्याच्या घरात शिरावं, मडकी फोडावीत आणि आतलं सोनं खिशात घालावं अशी रीत आहे. सासऱ्यांनी एकही मडकं फोडलं नाही. "वळण म्हणून काय हाय का न्हाय?" पडद्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना ते मोठ्याने उत्तरं द्यायचे. सोबत्यांना घरच्यांची नावं द्यायचे. मी त्यात जादूगार होतो, आणि बहुतेक वेळा मेलेला असायचो. "जावईबापू, तुमाला मागच्या रांगेत घातलंय," ते समजुतीच्या सुरात सांगायचे, "फुडं तुमी टिकत न्हाईसा." स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडायच्या, "जग वाचवून झालं की कोथमीर आणा."

मग हळूहळू त्यांचे दुकानातले प्रश्न बदलले. दुकानदारानेच मला एकदा बाजारात गाठून सांगितलं. "साहेब, अण्णांना काय त्रास आहे का? हल्ली चित्र बघत नाहीत. नुसतं विचारतात, ह्ये एका हातानं जमतं का? डाव्या हातानं? आणि राक्षस आपल्यासाठी थांबतो का?" मी हसून सोडून दिलं. पण घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिने दोन दिवस वडिलांवर पाळत ठेवली, आणि तिला दिसलं ते असं, की सासरे उजवा हात मांडीखाली दाबून, डबी गुडघ्यावर टेकवून, एकट्या डाव्या हाताच्या बोटांनी बटणं दाबताहेत. चहाचा कपसुद्धा डाव्या हातात! तिने मला ऑफिसातून बोलावून घेतलं. आम्ही दोघांनी मिळून सासऱ्यांना रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी हात वर करायला लावला, जीभ बाहेर काढायला लावली, हसून दाखवायला सांगितलं. सासऱ्यांनी सगळं केलं, फक्त हसले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "यांना काहीही झालेलं नाही."

"मी कवा म्हनलं झालंय म्हणून?" सासरे कडाडले. मग खाली बघत म्हणाले, "मला न्हाय झालं. रुद्राप्पाला झालंय."

रुद्राप्पा म्हणजे त्यांच्याच दुकानातले, शेजारच्या गादीवरचे. बेळगावातल्याच वडगावचे, विणकराच्या घरातले, घरी कन्नड. दोघांनी आयुष्यभर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली आणि एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. सासरे भेटायला जात होते, त्यांच्या डाव्या हाताला जमेल असा खेळ शोधत होते, पण आम्हाला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"जातो आणि बसतो," ते परतीच्या रिक्षात म्हणाले. "मी बोलतो, त्यो बघतो. मग मलाबी काय सुचत न्हाय. दोघंबी भिंतीकडं बघतो. पळून यावंसं वाटतं, गं. आणि येतो मी पळून." बायकोने त्यांचा हात धरला. रिक्षावाल्यानेही वेग कमी केला.

त्यानंतर खेळ निवडायला आम्ही तिघे गेलो. दुकानदाराने कारण ऐकलं आणि माळ्यावरून एक जुना खेळ काढून दिला. यात घाई नव्हती. आपली पाळी आली की राक्षस आपला समोर उभा. तुम्ही बटण दाबाल तेव्हा दाबा. सासऱ्यांनी तो उन्हातसुद्धा नेला नाही. "द्या," म्हणाले.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो होतो. वडगावात शेजारच्या घरातले माग खडखडत होते. रुद्राप्पा खाटेवर उशीला टेकून बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. सासऱ्यांनी डबी त्यांच्या पोटावर ठेवली, स्वतः एका बाजूने धरली आणि रुद्राप्पांच्या डाव्या हाताचं बोट बटणावर नेऊन ठेवलं. मीठ मागितल्यावर ते पोचायला उशीर झाला तर जेवण सोडून उठणारा हा माणूस, त्या बोटाकडे बघत बसून राहिला. पडद्यावरचा राक्षस नुसता डुलत होता. किती वेळ गेला कोण जाणे. रुद्राप्पांच्या कपाळावर घाम आला. आणि एकदम त्यांच्या तोंडून शब्द फुटला, "होडी!"

मी पडद्यावर सगळीकडे शोधलं. पाणी नव्हतं, नाव नव्हती. "होडी कुठंय?" मी विचारलं.

"होडी म्हंजे मार, जावईबापू! कन्नडात!" सासरे ओरडले. "मार म्हनतोय त्यो! गंगव्वा, बोलला! मार म्हनला!" रुद्राप्पांची बायको पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, दारातच थबकली आणि तिने तो पिठाचा हात तोंडावर धरला. तेवढ्यात बटण दाबलं गेलं. राक्षस मेला. रुद्राप्पा अर्ध्या तोंडाने हसत होते आणि सासरे पूर्ण तोंडाने रडत होते.

मग हा रोजचाच उद्योग झाला. दोघांत वादही व्हायला लागले. तलवार घ्यायची की ढाल, यावर सासरे मराठीत भांडायचे आणि रुद्राप्पा एकेका कन्नड शब्दात. पुढे रुद्राप्पांच्या मुलाची रेल्वेत लोंढ्याला बदली झाली आणि तो आईवडिलांना घेऊन गेला. सासऱ्यांनी निघताना डबी त्यांच्या पिशवीत घातली. "अर्धाच झालाय," म्हणाले, "मी आल्यावर फुडचं खेळू."

सासऱ्यांना लोंढ्याला जायला काही महिने लागले. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग आणखी काही. शेवटी मी आणि सासरे एका सकाळच्या गाडीने लोंढ्याला गेलो. रुद्राप्पा क्वार्टरच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. आम्हाला बघून उठून उभे राहिले, काठीला धरून, पण आपले आपण. डबी उचलून त्यांनी अभिमानाने पडदा दाखवला. खेळ संपला होता. जग वाचलं होतं.

"माझ्याबिगर?" सासऱ्यांचा चेहरा पडला. "अरं, शेवटचा राक्षस तरी ठेवायचा हुतास!"

रुद्राप्पा हसले. "बा, कूडू," ये, बस, असं म्हणून त्यांनी नवा खेळ सुरू केला आणि भराभर बटणं दाबायला लागले. सासरे शेजारी बसले, पण आज त्यांना डबी धरावी लागली नाही. दुपारी जेवण झालं, गंगव्वांनी भाकऱ्या बांधून दिल्या, रुद्राप्पा फाटकापर्यंत आले.

परतीच्या गाडीत सासरे खिडकीशी बसून जंगल बघत होते. "दोनी हातानं दाबत हुता," ते म्हणाले. "बघितलासा?"

"बघितलं, अण्णा."

"लई चांगलं झालं."

खानापूर येऊन गेलं. भाकऱ्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर तशीच होती. मी काही विचारलं नव्हतं, तरी बाहेरच बघत ते पुन्हा म्हणाले, "लई चांगलं झालं."