कुणीच न पाहिलेला कौल

परभणीच्या सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजात मुलीला जागा मिळाली आणि आमच्या घरातला आनंद जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला. फी झेपण्यासारखी होती. पण वसतिगृह, खानावळ, येणं-जाणं धरलं तर हापूसची कलमं काही वर्षांसाठी व्यापाऱ्याला कराराने दिल्याशिवाय भागणार नव्हतं. ह्यांचं एकच म्हणणं, इथंच रत्नागिरीत बीएस्सी कर, घरून ये-जा कर. मी म्हटलं, देवीवर सोडू. खरं तर मी काही सोडलं नव्हतं. देवीने होकार दिला की ह्यांना बोलायला जागा उरणार नाही, एवढाच माझा बेत होता.

आमच्या गावात गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतो. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या सकाळी एकही पाकळी हलेना. माझे गुडघे दुखायला लागले. ह्यांची चुळबुळ सुरू झाली.

इतक्यात बाहेरून हाक आली. मोहल्ल्यातल्या खाला, साऱ्या गावाच्या मावशीच, धापा टाकत देवळाच्या पायरीशी उभ्या होत्या. "कोणीतरी चला गो, माझी शेळी अडलीय!"

मुलगी उठली. कौल लावलेला असताना मधेच कुणी उठत नाही. मी तिचा हात धरला.

"आई, देवी थांबेल. शेळी नाही थांबायची," म्हणत ती गेलीसुद्धा. मग आम्हीही मागोमाग निघालो, गुरवही.

जनावरांचे डॉक्टर संगमेश्वरला अडकले होते. ते फोनवरून सांगत होते, ह्यांनी फोन मुलीच्या कानाशी धरला होता, आणि ती हाताला खोबरेल लावून पिल्लाचा दुमडलेला पाय हळूहळू सरळ करत होती. शेळीशी इतकं मऊ बोलत होती की माझेच डोळे भरून आले. पिल्लू बाहेर आलं, शिंकलं. खालांनी मुलीला छातीशी धरलं. "बाय माझी ती!" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

देवळात परतलो तर दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या. आधी कुठली पडली, कोण सांगणार? गुरव डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, परत लावू काय?"

"नको," हे म्हणाले. "व्यापाऱ्याला मी आजच बोलावतो. पोर परभणीला जाईल."

आता मे महिन्यात आमचे आंबे दुसऱ्याच्या पेट्यांत भरले जातात, तेव्हा जीव चुटपुटतो. ते काही खोटं नाही. पण उत्तर आधीच ठरवून देवीपुढे बसायचं मी सोडलं. परवा मुलीचा फोन आला, आज म्हैस तपासली म्हणून. हे तिला एकेक विचारत बसले, जेवण गार होईपर्यंत. मी देवघरापुढे गेले. मागायला काही सुचेना. नुसते हात जोडले आणि पोटभर रडले.