पाच मिनिटं बसून दाखव

"पाच मिनटा गप बसून दाखव. हाललीस नाय तर आमी मानू, तू बरी झालीस."

असं गावच्या तंटामुक्तीचे अध्यक्ष म्हणाले. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही म्हणते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. आमची वाडी गावाच्या टोकाला, शेणवे गावाला जाणाऱ्या रस्त्यापासून आत. सभा असली की आम्ही वाडीची माणसं खाली पायऱ्यांवर बसतो. कुणी सांगत नाही, तरी बसतो. त्या ओट्यावर वाडीच्या बाईला खुर्ची मिळाली ती पहिल्यांदा. तीही परीक्षेला.

शिपायाने मोबाइलवर वेळ लावली. मी गुडघे घट्ट धरून बसले. दुसऱ्या मिनिटाला आतून सुरू झालं. दुखत नाही, खाजत नाही. नुसतं ऊठ, चाल. ऊठ, चाल. तांबड्या मुंग्यांवर पाय पडल्यासारखं. एक टाच हलली. मग दुसरी. शेवटी उठले आणि ओट्यावरच येरझाऱ्या घालू लागले.

"बगा, नाचली!" कुणीतरी म्हणालं. सगळा ओटा हसला. खालून आमची माणसंही हसली. ते मला जास्त लागलं.

"येडीच्या हातचा पोरांना नको," आण्णा म्हणाले. "कापणी झाल्यावर सभा हाय, तवा परत बगू. तवाबी हाललीस तर घरी बस."

मी अंगणवाडीत मदतनीस, सेविकाबाईंच्या हाताखाली. झाडते, पाणी भरते, पोरांची खिचडी शिजवते. मला घेतलं तेव्हा हेच लोक म्हणाले होते, वाडीवालीच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत. खाऊ लागली. पोरांना भूक कळते, जात आईबाप शिकवतात. आता जातीचं उघड बोलायची सोय राहिली नाही. माझा आजार त्यांना आयता मिळाला.

आजार खरा होता. ते मी लपवत नाही. धाकटी चालायला लागली त्या वर्षी मला कुणी नसताना बोलणं ऐकू यायचं. हंड्यातून, चुलीमागून. 'तू खिचडीत काय घातलंस?' सासूने भगत केला. कोंबडं गेलं, आवाज राहिले. मग नवरा मला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे ठरलेल्या वारी ठाण्याहून मानसिक आजारांची डॉक्टरीण येते. तिने गोळी दिली, रिस्पेरिडोन. महिन्याभरात हंडा गप झाला. त्या दिवशी मी रडले. इतकी शांतता असते, हेच विसरून गेले होते. पुढे तिने गोळी वाढवली आणि पायांचं हे सुरू झालं. खिचडी ढवळताना मी या पायावरून त्या पायावर. गावाने ते पाहिलं आणि ठरवलं, ही अजून वेडीच. खरं सांगते, मलाही तेच वाटलं.

सभेनंतर मी डोकं चालवलं आणि तिथेच चुकले. गोळी वाढली तेव्हा पाय हलायला लागले, तर गोळीच बंद. कुणाला विचारलं नाही. उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. आठवड्याभरात पाय थांबले. घरात पाटावर बसायचे, नवऱ्याला म्हणायचे, लाव मोबाइल. पाच मिनिटं. दहा मिनिटं. काय ती माझी ऐट!

थोड्याच दिवसांत हंडा बोलला. 'पोरा मरतील तुज्या हातची.' मी शिजलेली खिचडी अंगणवाडीच्या मागे ओतून दिली. सगळी. पोरं उपाशी घरी गेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्या पोरांची तोंडं आठवली की आजही माझी मान खाली जाते.

नवऱ्याने पुन्हा डॉक्टरणीकडे नेलं. मी पायांचं सगळं सांगितलं. खुर्चीचंही.

"आधी का नाही सांगितलंत?"

"इचारला कोनी?"

तिने माझा केसपेपर पुन्हा उघडला. मग म्हणाली, "चुकलं माझं. ही गोळीने आलेली बेचैनी आहे. आजार नाही. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. पण आपल्या मनाने बंद करायची नाही." वजनावर लक्ष ठेवायचं, रक्तातली साखर तपासायची, पाळी चुकली तर सांगायचं. ताप येऊन अंग लाकडासारखं ताठलं तर त्याच घडीला दवाखाना गाठायचा. हे सगळं तिने तेव्हा सांगितलं.

बाहेर आले आणि माझं डोकं तापलं. माझ्या पायांत होतं ते औषधाचं. आणि त्यावरून गाव माझी अक्कल मोजत होतं. मोबाइल लावून!

कमी डोसवर आवाज गेले, पायही थांबले. भात कापून झालं आणि सभा लागली. खुर्ची तिथेच.

"बस," आण्णा म्हणाले. शिपायाने मोबाइल काढला.

मला बसता आलं असतं. पाच काय, पन्नास मिनिटं. नोकरी राहिली असती, वर शाबासकी. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि उभी राहिले.

"बसनार नाय, आण्णा. खिचडी वतली ती माजी चूक. ती मी सेविकाबाईंना लिहून दिली हाय. पन मी बरी हाय का नाय, ता डाक्टर सांगल. तुमच्यातला कोन बसला कदी या खुर्चीवर, डोका ठिकानावर हाय ता दाखवाया?"

कुणी हसलं नाही. ओट्यावर नाही, पायऱ्यांवरही नाही.

"नोकरी जाईल तुजी."

"लिहून द्या. खाली सही करा."

अजून कागद आलेला नाही. आला तर तालुक्याला जाऊन भांडेन. गोळी मी आता लपवून घेत नाही. सकाळी गावातल्या आया पोरं सोडायला येतात, तेव्हा अंगणवाडीच्या दारात त्यांच्यासमोर घेते, मग खिचडी चढवते. सभेलाही जाते. पण पायरीवर बसत नाही. त्या खुर्चीवर तर नाहीच. उभी राहते.