सुमनचं लग्न

ताज्या गुळाचा वास आला की मला आटपाडीचा दवाखाना आठवतो. पन्नास वर्षं झाली. मी तिथे नवखी डॉक्टर होते. कोरेगावचे एक बागायतदार टेबलावर गुळाची ढेप ठेवून समोर बसले.

"बाई, सुमन आमची सून हुणार हाय. तिला महारोग हाय म्हनत्यात. खरं का?"

सुमनच्या पाठीवर एकच चट्टा होता, तोही गोळ्यांनी बरा होत आलेला. त्यापासून कुणाला लागण होणार नव्हती.

"पेशंटचं मी कुणालाच सांगत नाही," मी म्हणाले.

ते "समजलं" म्हणाले आणि ढेप तिथंच ठेवून निघून गेले. गुप्तता पाळल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला.

महिन्याने सुमन गोळ्या न्यायला आली. "लगीन मोडलं. तुमी त्यास्नी काय सांगितलं?"

"काहीच नाही गं."

"आवं बाई, न्हाई म्हणायचं हुतं की!"

पुढे मी जन्मभर वैद्यकीय नीती शिकवली. गुप्ततेचा नियम आजही तसाच शिकवते. पण कुणी विचारलं तर काय सांगू, हे मी सुमनला कधी विचारलंच नव्हतं.