आबांसमोरून पळताना

सकाळी मी फिरायला जाते त्या मैदानावर काल कुणीतरी फक्की मारून ठेवली होती. दवानं जराशा ओलावलेल्या मातीवर लांबच लांब पांढऱ्या रेघा, आणि ओल्या चुन्याचा तो नाकाला किंचित झोंबणारा वास. कुठल्या तरी शाळेच्या स्पर्धा असाव्यात. माझं वय आता रेघांच्या कडेकडेनं चालायचं. पण पाय आपसूक एका पट्ट्यात शिरले आणि डावं पाऊल पुढे टाकून मी क्षणभर तशीच उभी राहिले. समोरून येणाऱ्या गृहस्थांनी थांबून विचारलं, "काही हरवलं का आजी?" त्यांना काय सांगणार? वयाच्या तेराव्या वर्षी मी अशाच एका रेघेवर उभी होते आणि शंभर यार्ड पळायला शिकत होते. शिकत होते म्हणते खरी, पण पळता मला त्याआधीही येत होतं. शिकायचं होतं ते वेगळंच.

आमचं गाव खानदेशात, प्रकाशा नावाच्या तीर्थाच्या गावाअलीकडे, तापीच्या काठावर. थंडीच्या दिवसांत नदी अंग चोरून घ्यायची आणि वाळूचं रुंद पात्र उघडं पडायचं. त्या वाळूत घोटे रुतवत आम्ही मुली उगाचच पळत सुटायचो. पन्नासचं दशक सरत आलं असेल, तेव्हा शाळेत एक नवे गुरुजी आले. तालुक्याच्या स्पर्धांत यंदा मुलींची शर्यत आहे आणि आपल्या शाळेतून एकीला शहाद्याला न्यायचं आहे, असं त्यांनी वर्गात सांगितलं. ती एक म्हणजे मीच, हे मी घरी पोचायच्या आत ठरवून टाकलं होतं. शाळा सुटल्यावर गुरुजी शिट्टी घेऊन उभे राहत. पाऊल कसं टाकायचं, कोपरं अंगालगत कशी ठेवायची, शेजारणीकडे न बघता शेवटच्या दोरीवर नजर कशी रोखायची, सगळं मन लावून शिकवत. आईनं परकर चार बोटं आखूड केला, आणि "पाय दिसतीन" म्हणत आत घालायला आबांच्या जुन्या धोतराची चड्डी शिवून दिली.

आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांच्या शब्दाबाहेर आमचे वडीलही नसत. आणि आमच्याकडची रीत अशी, की समोरून थोरलं माणूस आलं की मुलीनं पाऊल आवरायचं, वाटेच्या कडेला होऊन मान खाली घालायची. ते पुढे गेले की मग आपण निघायचं. ही रीत मला कुणी मुद्दाम शिकवल्याचं आठवत नाही. बोलायला लागण्याआधीच ती पायांत उतरली असावी.

निवडीच्या दिवशी आम्ही चौघी रेघेवर उभ्या राहिलो. शिट्टी झाली आणि मी सुटले. निम्म्यावर आले तेव्हा शेजारी कुणाची सावलीसुद्धा नव्हती. नजर गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे दोरीवर होती. त्या दोरीच्या पलीकडे, मधोमध, हातात काठी घेऊन आबा उभे होते. शाळेच्या कमिटीत असल्यामुळे ते बघायला आले होते. मला त्याचा पत्ता नव्हता. आणि माझे पाय थांबले. दोरी दोन हातांवर असताना मी बाजूला झाले, मान खाली घातली, आणि तिघीजणी माझ्या अंगावरून वारा घालत निघून गेल्या. सगळी शाळा खो खो हसत सुटली. गुरुजी धावत आले. "अगं, थांबलीस का?" मी पुटपुटले, "आबा उभे होते." गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाले, आठ दिवसांनी आणखी एकदा बघू. पण पुन्हा थांबलीस तर मी दुसरीला नेणार. आबांनी हे सगळं ऐकलं आणि काठी टेकत ते शेताकडे चालते झाले. मला रडू आलं. शहादा तर गेलंच, आणि आता पळणंही बंद होणार, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी हाक मारली, "चाल." कापसाच्या शेताशेजारच्या गाडवाटेवर आबांनी लांब लांब ढांगा टाकून अंतर मोजलं आणि वाटेच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "पय," ते म्हणाले. मी पळाले आणि थांबले. परत पाठवलं, परत थांबले. मनाशी दहादा घोकून निघायचे, पण त्यांची टोपी दिसली की पाय आपले जागच्या जागी. चौथ्या की पाचव्या खेपेला ते वैतागले. "आपली म्हैस मले दखीसन थांबत नही. तू काबर थांबस?" मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच केव्हातरी मी त्यांच्या अंगाला घासून पुढे निघून गेले. आपण काहीतरी भयंकर करून बसलो असं वाटून मी तशीच मागे फिरले आणि पाया पडायला वाकले. आबांनी मला दंडाला धरून उभं केलं. "पाया मंग पड. आते परत पय."

आठही सकाळी ते तसेच उभे राहिले. कापूस वेचायला निघालेल्या बाया थबकून बघायच्या. एकदा गाडीवरून जाणाऱ्या गावातल्या एका जाणत्यानं बैल थांबवून हटकलं, "आबा, पोर तुमले वलांडीसन गयी!" आबांनी मान वळवली नाही. "मीच सांगेल शे तिले," मीच सांगितलंय तिला, एवढंच म्हणाले. तेवढ्या तीन-चार शब्दांसाठी त्यांनी गावात काय काय ऐकून घेतलं असेल, याचा तेव्हा मला अंदाज नव्हता.

निवड झाली, आणि बैलगाडीनं आम्ही शहाद्याला गेलो. तिथल्या दोरीपलीकडे तर खुर्च्यांची रांगच होती; साहेब, पुढारी, टोप्या आणि फेटे, सगळं थोरल्यांचं राज्य. गुरुजींचा चेहरा पडला. आबा त्या रांगेतून वाट काढत दोरीच्या मागे, माझ्या पट्ट्यासमोर येऊन उभे राहिले. शिट्टी झाली. मला टोप्या दिसल्या, आबा दिसले, आणि मी पळतच राहिले. दोरीची जागा केव्हा मागे पडली तेही कळलं नाही. खुर्च्या ओलांडून मी थेट बैल सोडलेल्या गाड्यांपर्यंत गेले. तिथून मला हाका मारून परत आणावं लागलं. पहिली आली शहाद्याची एक मुलगी, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली. मी दुसरी. गावात शिरताना चावडीवर लोकांनी विचारलं, तेव्हा आबांची मान मी पहिल्यांदाच इतकी ताठ पाहिली. "दुसरी उनी," ते म्हणाले, "पन थांबनी नही."

पुढे मी शिकले, नोकरी केली, कितीतरी खुर्च्यांसमोर उभी राहिले. दुसऱ्या नंबराचा अभिमान केव्हाच विरून गेला. आबांबद्दलचा मात्र माझ्या वयाबरोबर वाढतच चाललाय. वडीलधारेपण कसं मिळतं हे आता मला ठाऊक आहे. ते सोडायला काय लागतं, हेही थोडंफार कळतं. आता घरात सगळ्यांत थोरली मीच आहे. मी खोलीत शिरले की नातींचं बोलणं मध्येच थांबतं, आणि खरं सांगते, ते मला आवडतं. आबांनाही आवडत असणार.

काल मैदानावरून घरी आले तेव्हा मोठी नात कुणाशी तरी तावातावानं वाद घालत होती. मला बघून ती गप्प झाली. मी दारातच उभी राहिले आणि म्हणाले, "थांबू नकोस. बोल."